मालकाच्या नावाचा रकाना

बुधवार, १४ मे. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी, वर्षाली राजापेठच्या पुलावर असताना मोबाइलने तिचा फोटो मागितला. घरपोच किराणा देणाऱ्या तिच्या कंपनीचा नियमच तसा: दोन मिनिटांत चेहरा दाखवा, नाहीतर आयडी बंद. वैशाखाच्या उन्हात अमरावतीची बाई तोंडाला ओढणी घट्ट गुंडाळल्याशिवाय गाडीवर बसत नाही. वर्षालीने गाडी कडेला घेतली, पण गाठ सुटेना. शेवटी तिने नुसते डोळे दिसणारा फोटो पाठवला. आयडी बंद झाली, कामही.

ती तशीच कंपनीच्या गोदामावर गेली. तिथला व्यवस्थापक अद्वैत कूलरसमोरून उठला नाही. "ताई, सिस्टिमने बंद केलंय. मी काय करणार?"

"सिस्टिमले ऊन लागत नाई, मले लागते. हे पाह्य माहं तोंड, घे ओळखून."

"तुम्ही नोकर नाही, पार्टनर आहात."

"मंग पार्टनर, तू जा ऑर्डर घेऊन. मी बसतो कूलरपाशी."

मागे उभे असलेले डिलिव्हरीवाले हसले. वर्षाली हसली नाही. शिवणकाम सोडून तिने ही गाडी घेतली, त्याला तीन वर्षे झाली होती. चांदूर बाजारला माहेरी ती अभिमानाने सांगायची, आपल्या डोक्यावर कोणी मालक नाही.

गुरुवारी ती काम बंद केल्याच्या तक्रारीचा अर्ज घेऊन कामगार कार्यालयात गेली. तिथले कारकून शेषरावबाबू यांनी तो वाचला. "मालकाच्या नावाचा रकाना कावून कोरा ठेवला?"

"ते म्हणतेत, मालक नाईच."

"मालक नाई तर तू कामगार नाई, बाई. अर्ज कसा घेऊ?"

"काका, मी कोणत्या रस्त्यानं जावं, कोण ठरवते? किती मिनिटांत पोचावं? भर रस्त्यात तोंड कवा उघडावं? अन् काल माहं काम बंद कोणी केलं? इतकं करणाऱ्याले तुमी काय म्हणता?"

"हे वर साहेबांले सांग."

"सांगतो. पैले कागद घ्या."

तिने त्यांच्याच टेबलावरचा पेन उचलला. रकान्यात कंपनीचे नाव लिहिले आणि खाली एक ओळ: 'माझे काम यांनी बंद केले, म्हणून हेच मालक.'

"हे टिकणार नाई," शेषराव म्हणाले.

"ते साहेब ठरवतील. तुमी शिक्का मारा."

त्यांनी शिक्का मारला.

आयडी त्या दिवशी सुरू झाली नाही. वर्षालीने कोपऱ्यावरच्या दुकानात अर्जाच्या वीस प्रती काढल्या, गोदामाच्या फाटकाशी गाडी लावली आणि येणाऱ्या प्रत्येक डिलिव्हरीवाल्याला थांबवून मालकाचे नाव कुठे लिहायचे ते दाखवू लागली.