भाऊजींनी बांधलेली सिस्टीम

माझ्या ताईच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या भाऊजींना, दुकानातून आणलेली कुठलीच वस्तू आहे तशी वापरता येत नाही. नवीन पंखा आणला की आधी तो उघडून बघायचा, मग टांगायचा. कॉम्प्युटरच्या बाबतीत तर विचारायलाच नको. विकतची ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे त्यांच्या मते कुलूपबंद डबा, आत काय आहे ते विचारायचं नाही, दिलं ते मुकाट्याने वापरायचं. ते वापरतात ती सिस्टीम कितीतरी लोकांनी मिळून लिहिलेली आणि सगळ्यांना उघडी. तिचा सोर्स कोड, म्हणजे मूळ लिखाण, उतरवून घ्यायचा, आपल्या यंत्राला हवं तेवढंच निवडायचं आणि घरीच कंपाइल करून, म्हणजे यंत्राला चालेल अशा रूपात आणून, एकेक भाग बसवायचा. या कामाला दिवस दिवस लागायचे. ताईच्या जेवणाच्या टेबलाच्या अर्ध्या भागावर एक उघडं यंत्र घोंघावत असायचं आणि उरलेल्या अर्ध्यावर ताई ताटं मांडायची. मी त्यांना कारखानदार म्हणायचे. त्यांना ते मनापासून आवडायचं, हीच तर पंचाईत.

पोटासाठी भाऊजी विमा कंपनीत दाव्यांचे कागद तपासतात, पण त्यांची खरी अब्रू फोरमवर. फोरम म्हणजे ही सिस्टीम वापरणारे लोक इंटरनेटवर जिथे एकमेकांना अडचणी विचारतात ती जागा. तिथे भाऊजींचा दरारा होता. कुणी नवखा बिचारा रडत आला, की अपग्रेड केलं आणि आता काहीच चालत नाही, तर हे एका ओळीत उत्तर द्यायचे, ‘यंत्राने काय विचारलं होतं ते वाचलंत का?’ आणि बहुतेक वेळा त्या माणसाने खरंच वाचलेलं नसायचं. मग जेवताना आम्हाला ते ऐकावं लागायचं. लोक वाचतच नाहीत, हे त्यांचं पालुपद. ताई मान डोलवायची आणि भाजी वाढायची.

एवढं बोलले तरी एक गोष्ट मला कबूल केलीच पाहिजे. बाबांसाठी जे भाऊजींनी केलं ते आम्हा दोघी मुलींना सुचलं नव्हतं. बाबा जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासायचे. उतारवयात त्यांची नजर गेली, आधी मधलं दिसेनासं झालं, मग सगळंच. आता आराम करा, असं जो तो सांगू लागला. बाबा आराम करू लागले आणि दिवसेंदिवस खंगू लागले. भाऊजींनी मात्र आपलं एक जुनं यंत्र घेतलं आणि खास बाबांसाठी सिस्टीम बांधली. तिच्यात चित्रं नाहीत, रंग नाहीत, माउस नाही. कीबोर्डवरचं बटण दाबलं की यंत्राने बोलायचं, फाइल उघडली की वाचायचं, स्वल्पविरामसुद्धा सांगायचा. तो वाचणारा आवाज आधी फार घोगरा होता. भाऊजींनी त्याच्यावर इतकी मेहनत घेतली की शेवटी तो एखाद्या नीटस, जरा सर्दी झालेल्या मास्तरांसारखा वाटायला लागला. बाबा कानाने मुद्रितं तपासायला लागले. छापखान्याच्या मालकांनी आधी भिडेखातर एक पुस्तक दिलं, मग खरोखर काम म्हणून देऊ लागले. बाबा रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून त्या यंत्रासमोर बसायचे. घरातल्या घरात कामावर जायचे म्हणा ना. मी बाबांजवळ राहते आणि दवाखान्याच्या नोंदणीच्या खिडकीवर काम करते, त्यामुळे सकाळी आम्ही दोघं एकदमच कामाला लागायचो. त्या दिवसांत घर कसं हलकं वाटायचं.

मग ते अपग्रेड आलं. बाबांची सिस्टीम जुनी झाली होती, नवे भाग जुन्यांशी जुळेनासे झाले होते, तेव्हा भाऊजींनी ती सगळी नव्याने बांधायची ठरवली. यंत्र आमच्या घरी आणि भाऊजी त्यांच्या टेबलाशी, नेटवरून जोडून घेतलेलं. सगळं कंपाइल व्हायला शनिवार गेला आणि रविवारही सरत आला. शेवटी सिस्टीम एकेका सेटिंगच्या फाइलबद्दल विचारते, ही फाइल तुम्ही पूर्वी स्वतः बदललेली आहे, तुमची जुनी ठेवू की नवी घेऊ? अशा पुष्कळ फाइली असतात. एकेक वाचून उत्तर द्यायचं असतं. ज्यांना कंटाळा येतो त्यांच्यासाठी एक सोपी सोयही असते, सगळ्या नव्या घ्या म्हणून. भाऊजींना कंटाळा आला होता. त्यांनी ती सोय वापरली आणि जेवायला बसले.

सोमवारी सकाळी बाबांनी यंत्र सुरू केलं तर ते बोलेना. त्यांनी भाऊजींना कचेरीत फोन केला. भाऊजींनी तिथूनच नेटवरून यंत्रात डोकावून पाहिलं आणि सगळं व्यवस्थित चालू आहे म्हणून सांगितलं. व्यवस्थित चालू होतंच. नेटवरून अक्षरं दिसतात, आवाज ऐकू येत नाही, एवढंच त्यांच्या लक्षात आलं नाही. वर त्यांनी विचारलं की बाबा, स्क्रीनवर काय दिसतंय. बाबा म्हणाले की ते मी पाहून सांगू शकलो असतो तर तुम्हाला कशाला त्रास दिला असता. भाऊजी ओशाळले, घाईने म्हणाले की काय काय करून बघायचं ते सविस्तर लिहून पाठवतो. आणि पाठवलं. ईमेलने. जे यंत्र बोलत नव्हतं त्याच यंत्रावर. हे मला पुष्कळ नंतर कळलं, आणि हसावं की डोकं आपटून घ्यावं ते कळेना.

संध्याकाळी मी घरी आले, यंत्र रीस्टार्ट केलं, तर ते घडाघडा बोलू लागलं. पुढे हे रोजचंच झालं. बाबांनी सकाळी सुरू केलं की बहुतेकदा मुकं, मी संध्याकाळी रीस्टार्ट केलं की बोलकं. मी भाऊजींना कळवलं. ते म्हणाले की म्हणजे यंत्रात दोष नाही, बाबांच्या हातून काहीतरी चुकीचं दाबलं जात असणार. मलाही ते पटलं. माझ्या डोळ्यांसमोर तर ते चालत होतं. मी बाबांना कोणती की आधी, कोणती नंतर, हे सावकाश आणि मोठ्याने समजावू लागले, जसं खिडकीवर बहिऱ्या पेशंटना समजावते तसं. बाबांचे कान उत्तम होते. त्यांनी मला एकदाही तसं सांगितलं नाही.

एकदा अंगात ताप होता म्हणून मी भर दुपारी घरी परतले. दारातूनच कीबोर्डचा टकटकाट ऐकू आला. बाबा ताठ बसून टाइप करत होते आणि स्पीकरमधून चकार शब्द येत नव्हता. मी आल्याची चाहूल लागताच ते म्हणाले, “आज काम बरं चाललंय.” मी हं म्हटलं आणि खोलीत जाऊन पडले. मुक्या यंत्रासमोर ते काम करत असल्याचं नाटक करत होते, आणि मी ते ओळखूनही काही बोलले नाही. त्यांची लाज राखावी असं मला वाटलं. खरं तर मला स्वतःलाच लाज वाटत होती, माझे बाबा असे झाले याची.

छापखान्याच्या पुस्तकाची मुदत आली. संध्याकाळी मिळेल तेवढ्या वेळात बाबांनी अर्धं पुस्तक ऐकून तपासलं होतं. उरलेलं अर्धं त्यांनी न ऐकताच माझ्याकडून पाठवून दिलं, मला म्हणाले की सगळं झालं. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात एक ओळ न वाचता सोडली नव्हती, त्याने ही थाप मारली. पुस्तक छापून आलं आणि उत्तरार्धात एक आख्खं पान दोनदा. मालक फोनवर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, बाबांना राग पचवायची सवय होती. ते नुसते म्हणाले की होतं असं, काळजी घ्या.

त्या आठवड्यात ताई आणि भाऊजी आमच्याकडे जेवायला आले. बाबांच्या समोरच विषय निघाला, ते तिथे नाहीत अशा थाटात. ताई म्हणाली की डॉक्टरांना दाखवू या, विसरभोळेपणा वाढत जातो म्हणे. भाऊजींनी पोळीचा तुकडा मोडत शांतपणे सांगितलं, “यंत्रात दोष असता तर तो मला दिसला असता. वय झालं की असं व्हायचंच.” आवाजात दुष्टपणा नव्हता, उलट मायाच होती. बाबांनी जेवण पुरं केलं, ताट उचलून स्वतः नेऊन ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी छापखान्यात फोन करून काम सोडलं. दाढीही त्या दिवसापासून सोडली.

पुढचं ताईने सांगितलं. एका रविवारी दुपारी भाऊजी फोरमवर बसले होते. कुणीतरी विचारलं होतं, अपग्रेड केल्यापासून माझ्या यंत्राचा आवाज कधी येतो, कधी येत नाही, मी वेडा व्हायचा राहिलोय. भाऊजींनी सवयीने उत्तर लिहायला घेतलं. यंत्राला आवाज काढायच्या दोन वाटा असतात, एक स्पीकरची आणि एक मॉनिटरच्या केबलमधून जाणारी. सुरू होताना जी आधी सापडेल ती यंत्र धरतं. रात्रभर बंद असलेलं यंत्र सुरू केलं तर बहुतेकदा केबलची सापडते, चालू यंत्र रीस्टार्ट केलं तर स्पीकरची. तुमच्या मॉनिटरला स्पीकरच नसेल तर आवाज तिकडे वाया जातो. कोणती वाट आधी धरायची हे एका फाइलमध्ये लिहून ठेवावं लागतं, आणि अपग्रेडच्या वेळी न वाचता सगळ्याला हो म्हटलंत की ती फाइल जाते. एवढं लिहिलं आणि त्यांचा हात थांबला. ताई म्हणाली, त्यांचा चेहरा असा पडला की तिला वाटलं कुणी गेल्याचं कळलं. ते उत्तर त्यांनी पाठवलंच नाही. तसेच उठले आणि चपला घालून निघाले, आणि ताई त्यांच्यामागे.

आमच्या घरी येऊन ते कुणाशी न बोलता थेट यंत्राशी बसले. त्यांची जुनी फाइल सिस्टीमने बाजूला जपून ठेवली होती. आवाजाच्या त्या ओळी त्यांच्याच हातच्या होत्या, आणि त्यांच्याच हाताने पुसल्या गेल्या होत्या. त्यांनी त्या पुन्हा घातल्या, यंत्र पूर्ण बंद केलं, चालू केलं. बोललं. पुन्हा बंद, पुन्हा चालू. दरवेळी बोललं. बाबा खाटेवर बसून कान देऊन ऐकत होते.

मग भाऊजींनी खुर्ची फिरवली आणि सांगायला सुरुवात केली. फोरमवर एका ओळीत उत्तर देणाऱ्या माणसाला ते सांगायला फार वेळ लागला. केबल, फाइल, वाटा असं सगळं आडवळणाने चाललं होतं, आणि मी मनात म्हणत होते, माणसा, सरळ बोल की. बाबांनीच त्यांना थांबवलं.

“म्हणजे मी नव्हतो?”

“नाही बाबा. मी होतो.”

बाबा हसले. मी त्यांना पुष्कळ दिवसांत हसताना पाहिलं नव्हतं. ते भाऊजींवर रागावले नाहीत, त्यांनी कुणालाच काही सुनावलं नाही, फक्त आपलं कपाळ हाताने चोळत राहिले आणि पुन्हा पुन्हा म्हणत राहिले की मी नव्हतो तर. त्या आनंदाकडे बघवेना. ताई खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडला. त्यांना असं वाटायला लावणारे आम्ही तिघंही त्याच घरात होतो आणि कुणालाच कुणाच्या तोंडाकडे बघायची सोय उरली नव्हती.

बाबांनी लगेच फोन मागितला, मालकांना लावून द्यायला सांगितलं. रविवार असूनही मालकांनी उचलला. बाबांच्या आवाजात जुना रुबाब आला होता. यंत्र ठीक झालंय, काम पाठवायला हरकत नाही, असं ते म्हणाले. पलीकडून मालकांनी विचारलं असावं की झालं काय होतं.

बाबा म्हणाले, “काही नाही हो, माझ्याच हातून भलतंच काहीतरी दाबलं गेलं होतं. जावयांनी येऊन नीट केलं. फार हुशार आहेत आमचे जावई.”

भाऊजी ताडकन उठले. त्यांनी फोनसाठी हात पुढे केला. बाबांच्या चेहऱ्यासमोर, अगदी वीतभर अंतरावर तो हात तसाच राहिला, आणि बाबा पलीकडचं बोलणं मान हलवत ऐकत राहिले. मला वाटलं, आता बोलतील, आता बोलतील. मालकांनी काय सांगितलं ते बाबांच्या हुंकारांवरून आणि ते परत उच्चारत होते त्या शब्दांवरून कळतच होतं. दुसरा माणूस ठेवला होता, तरुण होता, त्याला लगेच कसं काढायचं. बाबांनी तुमचंही खरं आहे म्हटलं, आभार मानले आणि फोन खाली ठेवला.

भाऊजींनी हात मागे घेतला.

“मला घ्यायचा होता फोन,” भाऊजी म्हणाले. “सांगायचं होतं त्यांना, चूक माझी म्हणून. मी हात पुढे केला होता, बाबा.”

बाबांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली.

“मग मागायचात,” ते म्हणाले.