कवठाखालची जागा

महाशिवरात्रीच्या त्या पावसाचा मला अजून राग येतो. पावसाळ्यातला पाऊस निदान सांगून येतो. हा भामटा भर उन्हात आला, गेला, पुन्हा आला.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मार्कंड्याच्या जत्रेला आमचा दरवर्षी वैनगंगेच्या काठी मुक्काम असायचा. बैलगाडी सोडायची, बांबूंवर ताडपत्री ताणायची, की झालं घर. प्रत्येक गावाची जागा ठरलेली, आमची कवठाच्या झाडाखाली. तिथे दुसऱ्या गावाचं कुणी गाडी सोडत नसे आणि आम्हीही दुसरीकडे सोडत नसू. फोन कुठले तेव्हा? सासरी गेलेल्या मुली सरळ आपल्या गावाच्या जागेवर यायच्या, आणि माहेर भेटायचं.

त्या वर्षी माझी ताई येणार होती. तिला दूर सिरोंच्याकडे दिली होती आणि लग्नानंतर ती एकदाही घरी आली नव्हती. पाचवा महिना होता तिला. जत्रेच्या दिवशी येते, संध्याकाळच्या गाडीनं परत जाते, आईला म्हणावं लाखोळीच्या डाळीचे वडे कर, असा तिचा निरोप होता. आई उजाडल्यापासून चुलीशी बसली होती. मी वड्याला हात लावला तर चापट मिळाली.

ऊन चांगलं तापलं आणि अचानक आभाळ भरून गारा पडू लागल्या. बैल दावी तोडायला लागले. आमच्या गावाच्या सगळ्या गाड्या वर शाळेकडे पळाल्या.

"मी इथीच बसतो," आई म्हणाली. "पोरगी येईल ना."

"बैल मरतीन गारांत," बाबा ओरडले. "ऊन पडलं का येऊ वापस."

थोड्या वेळानं लख्ख ऊन पडलं. आम्ही परतलो, ताडपत्री बांधली, ओल्या लाकडांना फुंकर मारून मारून आईचे डोळे लाल झाले. चूल कशीबशी पेटली आणि पुन्हा धो धो पाऊस. या वेळी बाबांनी आईला दंडाला धरून उठवलं. शाळेच्या व्हरांड्यातून ती नुसती नदीकडे बघत राहिली.

पाऊस उघडल्यावर आम्ही परत कवठाखाली गेलो. बाबा भोंग्यावर ताईचं नाव पुकारायला सांगायला गेले, पण लाईट गेली होती. गर्दी पांगली होती. मी दिसेल त्या हिरव्या लुगड्यामागे ताई समजून धावत होते. सिरोंच्याची गाडी सुटून गेली, तरी आईनं चूल विझू दिली नाही.

"पावसानं निघालीच नसंल," बाबा म्हणाले. आम्ही सगळ्यांनी तेच धरून ठेवलं. वडे दुसऱ्या दिवशी आंबले.

आषाढात ताई बाळंतपणात गेली. बाळही गेलं. निरोप आला तेव्हा नाल्यांना पूर होता, वाटेत एस.टी. अडकून पडली. आम्ही पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. आईला लेकीचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही.

ताईच्या सासरी ओसरीवर आम्ही बसलो होतो. भाऊजी म्हणाले, "जत्रेले आलतो आम्ही. दोनदा गेलो कवठाखाली. गारा थांबल्यावर एकदा अन् मोठ्या पावसात एकदा. कोणीच नोतं."

बाबांनी मान खाली घातली.

"मले वाटलं, रडंल," भाऊजी म्हणाले. "पण खुश होती. म्हणे, बरं झालं घरचे निघाले नाई. अशा पावसात माही आई भिजली असती."

आईनं त्यांचा हात घट्ट धरला.

"आलतो ना बापू, आम्ही," ती म्हणाली. "आम्ही आलतो." भाऊजींनी मान हलवली, तरी ती त्यांना तेच सांगत राहिली.