माझ्या मेव्हण्याचं वाह पेडल

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. घरात माझ्या मेव्हण्याचा विषय निघाला की मी त्याचे ठरलेले किस्से सांगायचो, लोक हसायचे, हसून झालं की चहा यायचा आणि चहानंतर पुढचं सांगायची वेळच येत नसे. आता तो नाही. त्याच्याबद्दल नातेवाइकांत जे बोललं जातं ते खरं नाही, हे मला ठाऊक आहे आणि मीही फार दिवस राहीन असं नाही. म्हणून सुरुवात किश्श्यांपासूनच करतो, पण या वेळी चहाला थांबत नाही.

माझ्या मेव्हण्याइतकं पायाने गाणारा माणूस पुण्यात दुसरा झाला नसेल. माझ्या बायकोचा हा धाकटा भाऊ. विमा कंपनीत नोकरी केली, लग्न केलं नाही, विश्रांतवाडीला दोन खोल्यांत आधी आईबरोबर, मग एकटा राहिला आणि हौशी ऑर्केस्ट्रांमधून इलेक्ट्रिक गिटार वाजवत आला. निवृत्त झाल्यावर त्याच्या डोक्यात वाह पेडल शिरलं. गिटार आणि स्पीकर यांच्यामध्ये जमिनीवर ठेवायचं हे यंत्र, आकाराने साधारण चपलेएवढं. टाच दाबली की सूर घशात अडकल्यासारखा जाड होतो, चवडा दाबला की पातळ आणि धारदार होतो. आणि पाय हलता ठेवला की गिटार तोंड उघडून-मिटून बोलायला लागते. हे सगळं त्याने मला आमच्या जेवणाच्या टेबलाखाली माझ्याच पायावर पाय ठेवून समजावलं होतं.

ते निवडायला तो मला घेऊन पेठेतल्या एका वाद्यांच्या दुकानात गेला. आधी बूट काढले, मग मोजे. मालक गल्ल्यावरून म्हणाले, "पेडल घ्यायचंय, की पायाचं माप द्यायचंय?" याने ऐकलंच नाही. दुकानातलं एकेक पेडल लावून, डोळे मिटून, तो ऐकत बसला. एकाला म्हणाला, "हे रडतंय." दुसऱ्याला म्हणाला, "हे नुसतं नाक शिंकरतंय." तिसऱ्याची पट्टी इतकी सैल होती की पाय उचलला की आपोआप खाली बसायची, त्यावर त्याचं मत, "हे सरकारी नोकरीत होतं." त्याची कसोटी साधी होती. एक सूर धरून पाय टाचेकडून चवड्याकडे नेला की पेडलने स्वच्छ 'आई' म्हणायला हवं. "भाऊजी, ज्याला 'आई' म्हणता येत नाही त्याला घरात आणायचं नाही." संध्याकाळी दुकान मिटायच्या सुमारास एका काळ्या, जड, कोपऱ्यात रंग उडालेल्या पेडलने ते म्हटलं. मालक म्हणाले, "चला, सापडली का आई? आता आम्हाला आमच्या घरी जाऊ द्या."

पुढे त्याचा उजवा पाय कायम चालू असायचा. कात्रजच्या बसमध्ये पुढच्या सीटवरच्या बाईंनी त्याला "अहो, पाय आवरा" असं सुनावलं होतं. लग्नाच्या पंगतीत त्याच्या शेजारी बसणारा आपली खुर्ची हळूच लांब ओढून घ्यायचा. आमच्याकडे आला की हिच्या शिलाई मशीनशी बसून पायडलवर सराव करायचा, ही ओरडायची, "अरे, दोरा तुटतोय माझा!" आणि तो म्हणायचा, "ताई, तू शिव ना, मी फक्त तालात ठेवतोय." मात्र खऱ्या पेडलला त्याने कधी धुतल्याशिवाय पाय लावला नाही. वाद्याला चुकून पाय लागला तरी आपण हात लावून नमस्कार करतो, आणि हे तर पायानेच वाजवायचं. म्हणून दर वेळी आधी पाय धुणार, वाकून पेडलला हात लावणार, मग अनवाणी पाय ठेवणार. दसऱ्याला त्याने ते पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं, तेव्हा ही म्हणाली, "उद्या चपलेची पूजा करशील." तो म्हणाला, "तिच्यातून सूर निघू दे, करतो."

असे किस्से मी सांगत आलो. त्यांच्यापुढचं आता.

आमच्या सोसायटीच्या गणपतीत जुन्या गाण्यांचा कार्यक्रम होता. समितीचा अध्यक्ष मी, आणि अध्यक्ष असल्यामुळे गाणाराही मी. मेव्हण्याला गिटारवर मीच बोलावलं होतं. माझं पहिलं गाणं बरं चाललं होतं. कडव्यांच्या मधल्या जागेत त्याने पेडलवर पाय ठेवला आणि गिटार बोलायला लागली. मागच्या रांगांतून टाळ्या आल्या. मुलं उभी राहिली. मी माईक धरून पुढच्या ओळीची वाट बघत उभा होतो, आणि माझ्याकडे कोणीही बघत नव्हतं. पुढच्या रांगेतले एक आजोबा तेवढे म्हणाले, "हे मांजर कोणी आणलंय?" मला तेवढं निमित्त पुरलं. गाणं संपल्यावर मी साउंडवाल्याकडे गेलो आणि म्हणालो, "ज्येष्ठांना त्रास होतोय. बाहेरच्या स्पीकरवरून गिटार काढून टाका. त्याच्या समोरच्या स्पीकरवर राहू द्या."

"साहेब, त्यांना कळेल ना."

"नाही कळत. तो डोळे मिटून वाजवतो."

त्याने उरलेला सगळा कार्यक्रम वाजवला. जीव ओतून वाजवला. त्याच्या पायाशी ठेवलेल्या लहान स्पीकरवर त्याला स्वतःची गिटार छान ऐकू येत होती. खुर्च्यांत बसलेल्यांना ती ऐकू गेली नाही. संपल्यावर घामाघूम होऊन माझ्याकडे आला. "कसं झालं, भाऊजी?" मी म्हणालो, "अप्रतिम."

काही दिवसांनी कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग सोसायटीच्या ग्रुपवर आलं. नेमकं त्याच दिवशी तो आमच्याकडे जेवायला आला होता. फोन कानाला लावून त्याने ते ऐकलं, मागे नेऊन पुन्हा ऐकलं. मग मला विचारलं, "भाऊजी, मी आहे कुठे यात?"

"मोबाइलमध्ये येत नसेल नीट."

"तबला आलाय. तुम्ही आलाय. पहिल्या गाण्यात मीही आहे. मग पुढे कुठे गेलो?" फोन टेबलावर ठेवून म्हणाला, "मला तर शेवटपर्यंत ऐकू येत होतं हो."

मी त्याला आणखी भात वाढला. त्याच क्षणी सांगितलं असतं तर तो चिडला असता, महिनाभर बोलला नसता आणि गोष्ट तिथेच मिटली असती.

माझ्या सासूबाईंना शेवटची काही वर्षं भास व्हायचे. बंद खोलीत भजन चाललंय म्हणायच्या, टाळ ऐकू येतात म्हणायच्या. या मुलाने त्यांचं सगळं केलं होतं; "हो आई, चाललंय" म्हणत त्यांच्याजवळ बसून राहायचा. त्यामुळे त्या रेकॉर्डिंगनंतर त्याने मनात काय धरलं असेल, हे मला लगेच कळायला हवं होतं. तो कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आला. कान ठणठणीत निघाले. कोणालाही बरं वाटलं असतं. याचा चेहरा उतरला. हिला म्हणाला, "ताई, कान चांगले आहेत. म्हणजे आईचंच माझ्यात आलंय."

त्यानंतर त्याने गिटार हातात घेतली नाही. पेडल वाघोलीच्या एका कॉलेजच्या बँडला देऊन टाकलं. नातेवाइकांत ठरून गेलं की याच्या डोक्यावर परिणाम झालाय, आईसारखाच. मी कधी कोणाला दुरुस्त केलं नाही. उलट एका बारशात मीच म्हणालो होतो, "मांजर गप्प झालं बरं का." आणि हसलो होतो.

एकदा मात्र ठरवून विश्रांतवाडीला गेलो. रस्ताभर वाक्यं जुळवली. बेल दाबली. दार उघडायला त्याला वेळ लागला, आणि उघडल्यावर तो आत यायला वाट न देता तसाच उभा राहिला.

"भाऊजी, तुम्ही आत्ता बेल वाजवलीत ना?"

"हो. मीच वाजवली."

"खरंच वाजली ना पण?"

"वाजली रे."

त्याला इतकं हायसं वाटलेलं दिसलं की मला पुढे बोलवेना. त्याने चहा केला. उजवा पाय खुर्चीखाली मुडपून तो बसला होता आणि तो पाय अजिबात हलत नव्हता. आम्ही पाणीकपातीवर बोललो. निघताना जिन्यापर्यंत आला आणि म्हणाला, "येत जा. कोणी असलं की खात्री करून घेता येते." मी "येतो" म्हणालो आणि गेलो नाही. पुढच्या हिवाळ्यात तो झोपेत गेला. हिला अजून वाटतं, भाऊ शेवटी भ्रमातच गेला. हे छापून आलं की पहिल्यांदा तिलाच वाचायला देणार आहे; त्यानंतर ती माझ्याशी काय बोलेल ते मी ऐकून घेईन.

त्या दिवशी दारात, चहाच्या आधी, मला त्याला एवढंच सांगायचं होतं: तुला काही झालेलं नाही रे. तू वाजवत होतास, आणि तुला ऐकू आलेला प्रत्येक सूर खरंच वाजला होता. बाहेरचा आवाज मी बंद करायला लावला, माझ्यापेक्षा तुझं जास्त ऐकलं जात होतं म्हणून. माझं चुकलं.