दोघा भावांचा मेपल

माझे वडील तसबिरींना चौकटी बसवायचे. कोपरा केसभर जरी सुटला, तरी चौकट मोडून पुन्हा करायचे. तोच हट्ट घरातही होता. धाकट्या भावाशी त्यांनी अबोला धरला, तो बारा वर्षं. काका राहायचा खालच्याच मजल्यावर.

भांडण आजोबांच्या मेपलवरून झालं होतं. कुंडीतलं गुडघाभर बोन्साय, पण दोघांनाही तेच हवं होतं. शेवटी आईने वाटणी केली. झाड आमच्या गॅलरीत, मुळं आणि तार वडिलांकडे, छाटणी आणि पानं काकाकडे. थंडीत झाड उघडंबोडकं झालं की वडील फांद्यांना तार गुंडाळून वळण द्यायचे. उन्हाळा लागला की काका देठ राखून सगळी पानं कापायचा, म्हणजे नवी पानं नखाएवढी यायची. वडील दुकानात गेले की काका वर यायचा.

आजोबांचा एकच दंडक होता. ज्या वर्षी मुळं कापली, त्या वर्षी पानांना हात लावायचा नाही. झाडाला दोन्ही घाव सोसत नाहीत. मुळं कापली की आई खाली जाऊन काकाला सांगून यायची. गेल्या वर्षी आई गेली.

यंदा वडिलांनी मुळं कापली, माती बदलली आणि वर जुनंच शेवाळ नीटनेटकं पसरलं. मला पत्ताही नव्हता.

उन्हाळ्यात एक दिवस वडील दुकानातून लवकर घरी आले. गॅलरीत काका पाठमोरा बसून पानं कापत होता. अर्धं झाड अजून हिरवं होतं. वडील दारात थांबले. मला वाटलं, आता बोलतील. ते बराच वेळ बघत राहिले आणि हातपाय धुवायला निघून गेले.

काका गेल्यावर म्हणाले, "मुळं कापलीत मी यंदा."

"अहो बाबा, मग थांबवलं का नाही त्याला?"

"त्याने विचारायला नको?"

मला त्यांची किळस आली. एक शब्द, फक्त 'थांब' म्हणायचं होतं!

झाडाला पुन्हा पान फुटलं नाही. फांद्या काळ्या पडल्या तेव्हा काका वर आला आणि वडिलांसमोर लहान मुलासारखा रडला.

"दादा, आपल्या वडिलांचं झाड मी मारलं रे. कसं झालं, कळतच नाही."

मी वडिलांकडे बघत होते. त्यांनी उठून काकाच्या खांद्यावर हात ठेवला.

"जाऊ दे. चुकतं माणसाचं."

तेव्हापासून दोघांचं गूळपीठ आहे. संध्याकाळी काका वर येतो, मी दोघांना चहा देते. येणाऱ्याजाणाऱ्याला काका सांगतो, "दादाचं मन फार मोठं. मला एका शब्दाने बोलला नाही."

वडील मान खाली घालून ऐकतात आणि मला त्याच्या कपात अजून थोडा चहा ओतायला सांगतात.