मे महिन्यात लावलेला हीटर

नवीन शतक नुकतंच लागलं होतं, तेव्हा मी नागपूरहून एक सेकंडहँड कार आणली. घर नाचणगावला, नोकरी सेवाग्रामला. गाडी देखणी, पण अर्ध्या वाटेत तिला ताप चढायचा. काटा लाल रेषेला टेकला की मी रस्त्याकडेला बॉनेट उघडून उभा. ओळखीचे लोक स्कूटर हळू करून विचारायचे, "काऊन, पुन्हा?"

दोष थर्मोस्टॅटचा निघाला. इंजिन तापलं की उघडायचं आणि पाणी रेडिएटरकडे सोडायचं, एवढंच त्या इवल्याशा झडपेचं काम. आमची उघडतच नव्हती. मे महिन्यातल्या एका रविवारी नवीन थर्मोस्टॅट आणून मी स्वतःच अंगणात कामाला लागलो. गार इंजिनातलं पाणी घमेल्यात काढलं, बोल्ट सोडले आणि जुना बाहेर घेतला.

"हा बिघडला हे कायवरून?" ओसरीवरून आईनं विचारलं.

"उकळत्या पाण्यात टाकून पाहू."

"माह्या चहाच्या गंजात नाई हं!" म्हणत तिनं पातेल्याऐवजी एक जुना डबा चुलीवर ठेवला. जुना थर्मोस्टॅट ढिम्म. नवा मात्र हळूच उघडला.

"अगं बाई, हा तं उघडून राह्यला!" तिनं तो सांडशीनं बाहेर काढला, मिटू दिला आणि पुन्हा बुडवला. मला तो तिच्याकडून मागून घ्यावा लागला.

नवा बसवला, पाणी भरलं, गाडी सुरू केली. थोड्या वेळानं काटा पुन्हा वर! हीटर लावून पाहिला तर वारं तापतच नव्हतं. म्हणजे गरम पाणी तिथवर पोचत नव्हतं, आत कुठंतरी हवा अडकली होती. गाडी निवू दिली, मग पुढची चाकं फाटकाच्या चढावर घेतली, मागच्या चाकांना दगड लावले आणि रेडिएटरचं झाकण उघडलं. आता कुणीतरी आत बसून हीटर पूर्ण चालू ठेवायचा आणि अॅक्सिलरेटर हलकेच दाबायचा. घरात फक्त आई होती.

"एवढ्या उन्हात हीटर? भाजतं का मले?" असं म्हणत ती पदर खोचून बसली. "दाबू?"

"हळू!"

इंजिन असं गरजलं, की कडुनिंबावरचे कावळे उडाले. रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे गुडगुडू लागले. पातळी उतरायची, मी पाणी ओतायचो. तेवढ्यात बाबा वावरातून आले आणि घामानं निथळणाऱ्या आईकडे पाहतच राहिले.

"हे काय करून राह्यली?"

"दिसत नाई का? गाडी चालवून राह्यली."

"जागची तं हालत नाई!"

"हवा काढून राह्यलो, बाबा," मी म्हणालो.

हळूहळू बुडबुडे थांबले. "गरम वारं यून राह्यलं!" आई आतून ओरडली. मी झाकण लावलं. काटा मधोमध येऊन बसला आणि हलेना.

"आई, उतर आता."

"काऊन?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "आता कुठं पाय बसला माहा. पुढं काय दाबा लागते, ते सांग."

हिवाळ्यात, कापूस निघाल्यावर, मोकळ्या वावरात मी तिला गाडी शिकवली. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहून बाबा बैलाला थांबवावं तसे "हो, हो!" ओरडायचे. पुढं तिनं लायसन्सही काढलं आणि पुलगावच्या बाजाराला स्वतः गाडी नेऊ लागली. बाबा मागच्या सीटवर पिशव्या सांभाळत बसायचे.