ओलेतीसाठी गळका नळ

गल्लीत त्याला सगळे ‘वायसर’ म्हणत. धंदा प्लंबरचा, खिशात कायम रबरी वायसरांची पुडी, आणि स्वभाव इतका भित्रा की कुठे टपटप ऐकू आली तरी छातीत धस्स व्हायचं. उमेदवारीच्या काळात गळक्या छताचा तुकडा त्याच्या शेजारीच कोसळला होता. तेव्हापासून गळती म्हणजे वैरी. पण अशा माणसाच्या स्वतःच्या परसातला नळ मात्र वर्षानुवर्षं गळत होता. लोक म्हणत, “दिव्याखाली अंधार!” तो ओशाळं हसायचा. बायकोचा हुकूमच तसा होता.

त्या नळाखाली तिची ओलेती होती. ओढ्याकाठचं रानटी झाड, लालभडक तुऱ्याचं. नाव तिनंच ठेवलेलं. चिखलासकट एक गड्डा तिनं उचलून आणला होता. “हिला सकाळचं ऊन द्यायचं, दुपारची सावली,” ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. “कुजलेल्या पानांची माती घालायची आणि मुळं कधी म्हणजे कधी कोरडी पडू द्यायची नाहीत.” फुलं सरली की दांडा वाळतो, पण बुडाशी फुटवे येतात, ते जपले की पुढच्या वर्षी झाड पुन्हा उभं. माणूस पाणी घालायला विसरतो, म्हणून ते काम तिनं नळाकडे दिलं होतं.

मग तिच्या पोटाचं ऑपरेशन झालं. कुशीतून एक नळी बाहेर काढलेली, तिच्यातून पिशवीत थेंब थेंब पडायचा. “ही गळती थांबली की घरी,” डॉक्टर म्हणाले. ती थांबेना. तो खाटेपाशी बसून नळीकडे बघत राही. जन्मभर लोकांच्या गळत्या बंद केल्या आणि हिच्यापुढे हात टेकलेले. बायको आता घरी येतच नाही, या विचारानं त्याची पाचावर धारण बसली होती.

एका दुपारी तो कपडे न्यायला घरी आला. परसात टप, टप. त्याला ते ऐकवेना. त्यानं पाना काढला, नवा वायसर घातला, नळ करकचून आवळला. थेंब थांबला. तेवढ्यापुरतं त्याला बरं वाटलं.

त्यानंतर परसाकडे फिरकायला सवड झाली नाही. एक दिवस तिनं क्षीण आवाजात विचारलं, “अहो, नळ गळतोय ना?”

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. “गळतोय तर!” तो म्हणाला आणि औषधाचं निमित्त काढून घरी धावला.

माती भेगाळली होती. ओलेतीचा दांडा हात लावताच कडकन मोडून हातात आला. त्याचे हातपाय गळाले. ही गेली, मग ती... पुढचं त्याला मनातसुद्धा म्हणवेना. त्यानं नवा वायसर काढला आणि हत्यारांच्या डब्यातून शोधून एक झिजलेला बसवला. जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या हातानं गळती केली. बुडाची माती बोटांनी चाचपली. वाळक्या पानांखाली नखाएवढा हिरवा फुटवा होता. दुपारच्या उन्हाच्या बाजूला त्यानं आपली छत्री आडवी उघडून ठेवली. फुटवा जगेल की नाही, हीच धास्ती.

असेच काही दिवस गेले. एका सकाळी तो वॉर्डात शिरला, तर खाटेला पिशवी नव्हती. नळीही नव्हती. ती डोळे मिटून पडलेली.

“अगं?” तो खाटेवर वाकला.

तिनं डोळे उघडले. “काढली नळी. थांबली माझी गळती.” मग लगेच, “आणि नळ?”

“मी बंद केला होता,” तो म्हणाला. “भीतीपोटी. खोटं बोललो तुझ्याशी. आता परत गळका केलाय. झाड वाळलं, पण एक फुटवा तग धरून आहे.”

“एक पुरतो,” ती म्हणाली. “आणलं तेव्हा तरी कुठं जास्त होतं?”

त्याच्या डोळ्यांना धार लागली. तो घाईघाईनं बाहीनं पुसू लागला, तसा तिनं त्याचा हात धरला.

“असू द्या हो. ही नका आवळू.”