स्वयंपाकघरातली केबिनची खिडकी

सिकंदरभाई रेल्वेत लिव्हरमन होते. आमच्या स्टेशनच्या केबिनमध्ये त्यांनी एकतीस वर्षं लिव्हर ओढून गाड्यांना सिग्नल दिले. उघड्या हातानं लिव्हर धरायचा नाही, घामानं पोलाद गंजतं, म्हणून हातात कायम फडकं. ड्यूटी संपली की ते फडकं धुऊन तिथंच वाळत घालायचे, घरी न्यायचे नाहीत. सरकारी ते सरकारी. असल्या माणसाची चेष्टा करायचीही पंचाईत.

केबिनचं कौतुक मात्र तोंड दुखेपर्यंत सांगायचे. इंग्रजांच्या काळातली इमारत. खाली काळा दगड, वर सागवानी खोली आणि तीन बाजूंना सरकत्या खिडक्या, गाडी कुठूनही येवो, नजरेआड होऊ नये म्हणून.

बारा वर्षांपूर्वी त्या खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या बसवल्या. जुन्या मागं ढिगात पडल्या. भंगारवाला यायच्या आदल्या दिवशी सिकंदरभाईंनी त्यातली एक सायकलला बांधून घरी आणली आणि स्वयंपाकघराला बसवली. आमच्या गावात निम्मे गोठे रेल्वेच्या लोखंडावर उभे आहेत, त्यामुळं बोलणार कोण? मी शेजारी, मीही गप्प राहिलो.

यंदा दुसऱ्या लाइनसाठी केबिन पाडायचं ठरलं. सांगलीची सृष्टी, वास्तुकला शिकणारी पोरगी, केबिनची मापं घ्यायला आली होती. जुनी एक जरी खिडकी मिळाली तरी बाकीच्या तशाच करून घेता येतील आणि जुन्या रूपातला वारसा म्हणून इमारत वाचेल, पण ती कुठून आली हे लिहून द्यावं लागेल, रेल्वेच्या साहेबांनी सोमवारपर्यंत मुदत दिलीय, असं तिनं सांगितलं. सांगितलं कुठं, तर सिकंदरभाईंच्याच स्वयंपाकघरात, चहा पिताना. साबेराभाभींनी नवऱ्याकडं पाहिलं.

"भंगारात गेल्या आसतील, बेटी," सिकंदरभाई म्हणाले.

पेन्शन बंद होईल ही एक भीती. त्याहून मोठी भीती म्हणजे फडकंही घरी न नेणारा माणूस चोर ठरणार. लाजेनं त्यांनी स्टेशनकडची वाटच सोडली. माझ्याशीही नजर भिडवेनात.

मंगळवारी सकाळी त्यांनी मला हाक मारली. खिडकी चौकटीसकट काढून अंगणात ठेवली होती. दोघांनी धरून ती स्टेशनवर नेली. सृष्टी सामान आवरत होती.

"मीच न्हेली हुती," ते खाली बघत म्हणाले.

तिनं हातातलं सामान खाली ठेवलं. मग हळूच म्हणाली, "चहा पितानाच ओळखली होती, चाचा. पण तुमचं नाव मी कसं सांगणार? तुम्हीच सांगाल म्हणून काल संध्याकाळपर्यंत वाट बघितली."

मुदत संपली होती. साहेबांनी पाडायच्या कागदावर सही केली होती.

ती गाडीत बसून गेली. सिकंदरभाई प्लॅटफॉर्मवरच बसून राहिले.

"पोरीनं माजी अब्रू राखली, गड्या," ते म्हणाले, "आन् मी केबिन घालवली."

सृष्टीनं खिडकीचं विचारलं त्या दिवशी मीही त्यांच्या स्वयंपाकघरात बसून चहा पीत होतो. पण तेवढंही मला म्हणवलं नाही.